टोपोलॉजिकल निरोधकाची कड: आंतरक्रिया आणि चुंबकत्व यांच्यापुढे तिचे संरक्षण किती टिकते?

फोंडेकर

टोपोलॉजिकल निरोधकांविषयी, म्हणजे आतून वीज अडवणाऱ्या पण कडेवरून वाहू देणाऱ्या पदार्थांविषयी, मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास सापडते: 'या पदार्थाच्या कडेवरून वीज बिनविरोध वाहते आणि कोणतीही अशुद्धी तिला अडवू शकत नाही.' पदव्युत्तर वर्गाला हा विषय शिकवताना ते वाक्य मला खोडावे लागते. ते का खोडावे लागते, याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे की कडेला मिळालेले संरक्षण हे एकट्या इलेक्ट्रॉनपुरते आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात हे हिशेबात धरले, किंवा कडेवर कोठे चुंबकत्व उपजले, की त्या संरक्षणाच्या अटी पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागतात.

पार्श्वभूमी आवश्यक तेवढीच देतो. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हॉल रोधाच्या, म्हणजे प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेल्या रोधाच्या, सपाट पायऱ्या मिळाल्या. त्यांची किंमत एच/ई² (एच हा प्लांकचा स्थिरांक, ई हा इलेक्ट्रॉनचा प्रभार), म्हणजे २५,८१२.८ ओहम, ही किंवा तिला पूर्णांकाने भागून येणारी असते. बाहेरचे निव्वळ चुंबकीय क्षेत्र नसतानाही असे होऊ शकते, हे डंकन हॉल्डेन यांनी १९८८ साली मधमाशीच्या पोळ्यासारख्या जालकावर दाखवले. २००५ मध्ये चार्ल्स केन आणि यूजीन मेले यांनी त्या प्रतिमानाच्या दोन प्रती एकत्र ठेवल्या, एक वर-स्पिनची आणि दुसरी, उलट दिशेची, खाली-स्पिनची (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगचा, चुंबकसूचीसारखी दिशा असलेला गुण). चुंबकीय क्षेत्राचे काम तेथे स्पिन-कक्षा युग्मनाने, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांच्या सांगडीने, केले. ग्राफीनमध्ये, म्हणजे कार्बनच्या एक-अणू थरात, हे युग्मन फारच दुबळे असल्याने प्रयोग तेथे जमला नाही. पुढच्याच वर्षी बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थराचे नाव सुचवले. थराची जाडी ६.३ नॅनोमीटरच्या वर गेली की ऊर्जापट्टांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मोकळ्या असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांचा, क्रम उलटा होतो आणि कडेवर संवाहक वाटा उमटतात, असे त्यांचे भाकीत होते. ते २००७ साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या प्रयोगशाळेत खरे ठरले.

आता संरक्षणाचे बोलू. कडेवर उजवीकडे जाणारा इलेक्ट्रॉन वर-स्पिनचा आणि डावीकडे जाणारा खाली-स्पिनचा असतो, आणि काळ उलटा फिरवला की एकाचा दुसरा होतो. उजवीकडे जाणाऱ्याला मागे वळायचे तर त्याचा स्पिन अर्धा फेरा फिरला पाहिजे. तो फेरा अशुद्धीच्या एका बाजूने १८० अंशांचा, तर दुसऱ्या बाजूने उणे १८० अंशांचा होतो. दोहोंमध्ये ३६० अंशांचा फरक पडतो, आणि अर्ध-स्पिनाचा कण ३६० अंश फिरला की त्याच्या तरंगफलनाचे चिन्ह बदलते. त्यामुळे दोन्ही वाटा एकमेकींना तंतोतंत रद्द करतात. या युक्तिवादात दोन गृहीतके गुपचूप बसलेली आहेत: अशुद्धी स्वतः चुंबकीय नाही, आणि इलेक्ट्रॉन एकटा आहे.

वुर्झबर्गच्या २००७ मधल्या शोधनिबंधात एक मायक्रॉन लांबीच्या नमुन्यांची संवाहकता २ई²/एच च्या अगदी जवळ आली. रुंदी अर्ध्यावर आणली तरी ती बदलली नाही, म्हणजे प्रवाह कडेवरूनच वाहत होता. मात्र २० मायक्रॉन लांबीच्या नमुन्यात ती या किमतीच्या बरीच खाली राहिली. संरक्षण पूर्ण असेल तर लांबीचा असा परिणाम का व्हावा?

म्हापसेकर

सर, मी उच्च माध्यमिकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे माझी शंका आपल्या प्रश्नाच्या एक पायरी खालची आहे. संवाहकता २ई²/एच म्हणजे रोध सुमारे १२.९ किलोओहम झाला. हा तर आमच्या प्रात्यक्षिकाच्या पेटीतल्या साध्या रेझिस्टरएवढा आहे! इलेक्ट्रॉन वाटेत कोठेच मागे वळत नसेल, तर हा रोध येतो कोठून? आणि कडेवरचा प्रवाह थरातून झिरपणाऱ्या प्रवाहापासून वेगळा ओळखतात कसा?

ताळगाव पठार

ताई, हा प्रश्न खालच्या पायरीवरचा नाही. तो सुटल्याशिवाय पुढचे मोजमाप वाचताच येत नाही. हा रोध कडेचा नाही, जोडणीचा आहे. धातूच्या संपर्कात इलेक्ट्रॉनांना असंख्य वाटा मोकळ्या असतात आणि कडेवर प्रत्येक दिशेला एकच वाट असते. एवढ्या गर्दीतून एका वाटेवर येण्याचे मोल म्हणून प्रत्येक कडेला एच/ई² इतका रोध लागतो. नमुन्याला वरची आणि खालची अशा दोन कडा समांतर असल्याने एकूण रोध त्याच्या निम्मा होतो, आणि तेच आपले १२.९ किलोओहम.

प्रवाह कडेचाच आहे हे ओळखण्याचा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो, म्हणून तो येथेच मांडतो. नमुन्याच्या कडेभोवती सहा संपर्क ओळीने लावा आणि त्यांना एक ते सहा क्रमांक द्या. प्रवाह एकमधून आत सोडा आणि चारमधून बाहेर घ्या. मधल्या संपर्कांतून प्रवाह बाहेर काढला जात नाही, तरीही कडेवरून तेथे पोचलेला इलेक्ट्रॉन संपर्काच्या धातूत शिरतो, तेथे आपली दिशा विसरतो आणि मग दोन्हीकडे सारख्याच शक्यतेने बाहेर पडतो. म्हणून लगतच्या दोन संपर्कांमधला प्रत्येक तुकडा एच/ई² एवढ्या रोधासारखा वागतो. एकपासून चारपर्यंत जाणाऱ्या दोन्ही बाजूंवर असे तीन-तीन तुकडे आहेत. तीन एच/ई² च्या दोन समांतर शाखा म्हणजे एकूण ३एच/२ई². दोन आणि तीन क्रमांकांच्या संपर्कांमध्ये एकच तुकडा आहे आणि त्यातून निम्मा प्रवाह जातो, म्हणून तेथे एच/२ई² मिळते. खरी गंमत पाच आणि सहा यांच्यात आहे. प्रवाह फक्त दोन आणि तीन यांच्यामधून सोडला, तरी नमुन्याच्या विरुद्ध बाजूला असलेल्या पाच-सहामध्ये व्होल्टेज उमटते, कारण प्रवाहाचा एक भाग कडेने लांबची प्रदक्षिणा घालून येतो. सर्वसाधारण संवाहक थरात एवढ्या दूर व्होल्टेज जवळपास उरतच नाही. वुर्झबर्गच्या गटाने २००९ साली नेमके हेच अस्थानिक मोजमाप प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर कडेच्या वाटांविषयी शंका घेणे अवघड झाले.

काणकोणकर

प्रदक्षिणेचा हिशेब पटला. मूळ मुद्दा मात्र मला अजून पटलेला नाही. तांब्याच्या तारेतही इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतातच. तरीही आपण तेथे एकेकट्या इलेक्ट्रॉनचे गणित करतो आणि ते बरोबर येते, कारण लांडाऊ यांनी दाखवल्याप्रमाणे आंतरक्रियेमुळे इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वगैरे थोडे बदलते, पण त्याचे एकटेपण शाबूत राहते. मग या कडेवरच आंतरक्रियेचा एवढा बाऊ का? विषय नवा आहे म्हणून जुन्या गोष्टी नव्या नावाने सांगण्याची प्रथा आमच्या क्षेत्रात काही कमी नाही.

ताळगाव पठार

शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. या प्रकरणाला मात्र ते लागू पडत नाही. लांडाऊंचा युक्तिवाद तीन मितींत चालतो, एका मितीत तो कोसळतो, आणि कड ही एका मितीची वस्तू आहे. आपल्याकडच्या खाजन शेतीच्या बांधावरून एका ओळीत माणसे चालली असतील तर मागच्याला पुढच्याच्या बाजूने निघून जाता येत नाही; एकाला पाऊल टाकायचे तर सगळ्या ओळीने हलले पाहिजे. एका मितीतल्या इलेक्ट्रॉनांचे नेमके तसेच होते. एकट्याची हालचाल असे काही उरत नाही, उरतात त्या संपूर्ण ओळीतून जाणाऱ्या घनतेच्या लहरी. हे गणित तोमोनागा यांनी १९५० साली आणि लटिंजर यांनी १९६३ साली मांडले.

या सिद्धांतात आंतरक्रियेची सारी ताकद एका अंकात गोळा होते. त्याला आपण 'के' म्हणू. आंतरक्रिया नसेल तर के म्हणजे १, आणि प्रतिकर्षण जितके वाढेल तितका तो शून्याकडे सरकतो. कडेवरच्या इलेक्ट्रॉनांचा वेग कमी असेल तर के लहान होतो, कारण तेथे गतिज ऊर्जा प्रतिकर्षणाला पुरी पडत नाही. भोवतालच्या पदार्थाने प्रतिकर्षण झाकून टाकले तर के मोठा राहतो. के लहान असल्याची खूण मोजता येते. बाहेरून एखादा इलेक्ट्रॉन ओळीत घुसवायचा तर साऱ्या ओळीला सरकावे लागते, म्हणून फर्मी ऊर्जेजवळ, म्हणजे जेथवर इलेक्ट्रॉन भरलेले असतात त्या पातळीजवळ, इलेक्ट्रॉन घुसण्याची शक्यता घातांकाच्या नियमाने खाली येते. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या बिस्मथच्या एक-अणू थराच्या कडेवर, म्हणजे ज्याला बिस्मथीन म्हणतात त्याच्या कडेवर, वुर्झबर्गच्या संशोधकांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने हीच घसरण पाहिली आणि २०२० साली के सुमारे ०.४२ असल्याचे नोंदवले. इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइड यांच्या जोडथरात कडेवरचा वेग फारच कमी असतो. तेथे २०१५ मधल्या मोजमापांतून के पावाच्या आसपास असल्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हा आपण ज्याला बाऊ म्हणता, त्याला मोजलेले आकडे आहेत.

फोंडेकर

आकडे निघालेच आहेत, तर त्यांचा संरक्षणाशी काय संबंध ते सांगतो. कालव्युत्क्रम सममिती, म्हणजे काळ उलटा फिरवला तरी नियम तेच राहणे, एका इलेक्ट्रॉनला मागे वळू देत नाही, पण दोन इलेक्ट्रॉनांनी एकदम मागे वळण्याला तिची कोणतीही हरकत नाही. दोन उणे चिन्हांचा गुणाकार अधिक होतो, त्यामुळे वर ज्या दोन वाटा एकमेकींना रद्द करत होत्या त्या आता एकमेकींना बळ देतात. मात्र दोघांना एकदम वळवायला दोघांमध्ये काही देवाणघेवाण हवी, आणि ती आंतरक्रिया पुरवते. २००६ साली वू, बर्नेविग आणि झांग यांनी, आणि त्याच वर्षी त्यांच्यापासून स्वतंत्रपणे शू आणि मूर यांनी, हा हिशेब मांडला. एकच अशुद्धी असेल आणि के पावाहून कमी असेल, तर तापमान शून्याकडे नेताना दोघांचे वळणे वाढत जाते आणि कड त्या जागी तुटते. अशुद्धी कडेभर विखुरलेल्या असतील तर ही मर्यादा तीन-अष्टमांशावर येते. आणि कड स्वच्छ असून फर्मी पातळी नेमकी दोन वाटांच्या ऊर्जारेषांच्या छेदनबिंदूवर असेल, तर ती अर्ध्यावर येते. वर दिलेले ०.४२ आणि पाव हे आकडे या मर्यादांशेजारी ठेवून पाहावेत. आपण निर्धास्त अंतरावर उभे नाही.

स्वच्छ कडेची ही शेवटची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. तेथे के अर्ध्याहून कमी झाला की ऊर्जेत दरी पडते आणि शून्य तापमानाला कड आपणहून चुंबकीय होते. बाहेरचे क्षेत्र नाही, लोहाचा एक अणू नाही, तरी इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला झुकतात. म्हणजे समीकरणात असलेली कालव्युत्क्रम सममिती समीकरणाच्या उत्तरात उरत नाही. स्पिन कोणीकडे झुकावे याच्या दोनच सममूल्य शक्यता असतात. कडेचा एक भाग एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे झुकला तर मधल्या सीमेवर ई/२ एवढा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या निम्मा, प्रभार अडकून बसतो. तापमान शून्याच्या वर गेले की अशा सीमा आपोआप तयार होऊ लागतात आणि अखंड क्रम टिकत नाही. एका मितीतले कोणतेही चुंबकत्व याच कारणाने ठिसूळ असते.

एक बारकावा येथे सुटू नये. थराच्या प्रतलाला लंब दिशेचा स्पिन पूर्णपणे अक्षय्य असता, म्हणजे त्याची बेरीज कधीच बदलत नसती, तर दोन इलेक्ट्रॉनांचे एकदम वळणेही निषिद्ध ठरले असते, कारण त्यात एकूण स्पिन बदलतो. तो अक्षय्यपणा मोडते स्पिन-कक्षा युग्मनच, विशेषतः थराची वरची आणि खालची बाजू सारखी नसेल तेव्हा येणारे त्याचे रश्बा रूप. ज्या युग्मनाने कड निर्माण केली, तिच्यातली फटही त्यानेच ठेवली आहे.

साखळीकर

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असलो तरी सारी नोकरी खनिजाच्या चाचण्यांत गेली, त्यामुळे वरचे सारे मला समजले असे म्हणणार नाही. पण 'लोहाचा एक अणू नाही, तरी स्पिन झुकतात' या वाक्यावर थांबलो, कारण आमच्याकडे उलटा प्रकार आहे: सगळे लोहच, आणि चुंबकत्व जवळपास नाही. डिचोली-साखळीकडचे खनिज मुख्यतः हेमॅटाइटचे. नमुन्याच्या लाल भुकटीवरून साधा हातचुंबक फिरवला तर बहुतेक भुकटी जागची हलत नाही; चुंबकाला चिकटतात ते काळसर कण, आणि ते मॅग्नेटाइटचे असतात. मात्र संवेदनशील मापकात टाकल्यावर शुद्ध हेमॅटाइटही अगदी थोडे चुंबकत्व दाखवते. तेव्हा आम्हाला सांगितले गेले होते की हे 'झुकलेले' चुंबकत्व आहे. हे झुकणे आणि तुमचे झुकणे यांचा काही संबंध आहे, की केवळ शब्दसाधर्म्य?

फोंडेकर

साखळीकर साहेब, संबंध आहे आणि तो बराच खोल आहे. हेमॅटाइट प्रतिलोहचुंबक आहे. त्यातले शेजारच्या थरांतले लोह-स्पिन परस्परविरुद्ध दिशेला असतात, म्हणून बेरीज शून्याच्या जवळ येते. पण ते अगदी सरळ रेषेत विरुद्ध नसतात. अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी कोनाने ते कलतात, आणि त्या कलण्यातून उरलेली बाकी म्हणजे आपल्या मापकात दिसलेले चुंबकत्व. याचे कारण १९५० च्या दशकाच्या अखेरीस झ्यालोशिन्स्की यांनी स्फटिकाच्या सममितीतून सांगितले, आणि १९६० साली मोरिया यांनी दाखवले की त्यामागे स्पिन-कक्षा युग्मनच आहे. जाता जाता सांगतो: सुमारे २६० केल्विनच्या, म्हणजे उणे १३ अंश सेल्सियसच्या, खाली हेमॅटाइटचे स्पिन वेगळ्या अक्षाकडे वळतात आणि ते कलणे नाहीसे होते. हे संक्रमण मोरिन यांच्या नावाने ओळखले जाते. गोव्यात तसली थंडी कधी पडत नसल्याने मांडवीतून बार्जने गेलेले सगळे हेमॅटाइट कललेल्याच अवस्थेत गेले.

आपल्या विषयात याचे महत्त्व असे. स्पिन-कक्षा युग्मन नसते तर स्पिनांना अवकाशातली दिशा कळलीच नसती. ते सगळे मिळून कोणत्याही दिशेला वळले असते तरी ऊर्जा तीच राहिली असती. युग्मनामुळे स्पिन स्फटिकाला बांधले जातात आणि काही दिशा सोयीच्या तर काही गैरसोयीच्या ठरतात. कडेशेजारी एखादा चुंबकीय अणू बसला, तर तो किती नुकसान करील हे याच दिशाभेदावर ठरते.

ताळगाव पठार

तो भाग मी थोडा उलगडून सांगतो, कारण येथे बहुतेकांची कल्पना उलटी असते. चुंबकीय अशुद्धी म्हणजे संरक्षण संपले, असे आपण धरून चालतो. आता एकच अशुद्धी घ्या, तिचा स्पिन खाली आहे. उजवीकडे जाणारा वर-स्पिनचा इलेक्ट्रॉन तिच्यावर आला, दोघांनी स्पिनांची अदलाबदल केली. इलेक्ट्रॉन खाली-स्पिनचा होऊन मागे वळला आणि अशुद्धी वर-स्पिनची झाली. आता दुसरा वर-स्पिनचा इलेक्ट्रॉन उजवीकडे जाताना आला तर अदलाबदल करायला काही शिल्लकच नाही, अशुद्धी आधीच वर आहे. तो निमूट पुढे जातो. तिला पुन्हा खाली आणायचे तर डावीकडे जाणारा खाली-स्पिनचा इलेक्ट्रॉन यावा लागतो आणि तो वर होऊन उजवीकडे वळतो, म्हणजे पहिल्या वेळी झालेले नुकसान भरून निघते. एकूण स्पिन अक्षय्य असेल तोपर्यंत अशी अशुद्धी स्थिर प्रवाह कमी करू शकत नाही, हे तनाका, फुरुसाकी आणि मात्वेएव यांनी २०११ साली दाखवले. दिशाभेदामुळे अशुद्धीचा स्पिन इलेक्ट्रॉनशिवाय आपणहून उलटू लागला तरच हा जमाखर्च बिघडतो.

त्याशिवाय कोंडो परिणाम आहे. जुन कोंडो यांनी १९६४ साली सोन्यासारख्या धातूंच्या रोधाचे जे कोडे सोडवले, तोच परिणाम येथेही येतो. तापमान पुरेसे उतरले की भोवतालचे इलेक्ट्रॉन अशुद्धीच्या स्पिनाभोवती जमून त्याला झाकून टाकतात आणि एकत्रित गठ्ठ्याचा स्पिन शून्य होतो. साध्या धातूत अशा गठ्ठ्यावर इलेक्ट्रॉन आपटून रोध वाढतो. या कडेवर मात्र आंतरक्रिया फार प्रबळ नसेल तर वाट गठ्ठ्याला वळसा घालून पुढे जाते आणि संवाहकता पूर्ववत होते. मासिएको आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या गणितानुसार याची मर्यादा पुन्हा के म्हणजे पाव हीच आहे. वुर्झबर्गच्याच गटाने २०२१ साली मँगॅनीज मिसळलेल्या मर्क्युरी टेल्युराइडमध्ये पुंजित (म्हणजे ई²/एच च्या ठरलेल्या पटीतली) संवाहकता टिकून राहिल्याचे प्रसिद्ध केले, आणि तिचे स्पष्टीकरणही या झाकले जाण्यानेच दिले.

काणकोणकर

जमाखर्चाचा दाखला उत्तम. परंतु आता माझी अडचण वाढली आहे. दोन इलेक्ट्रॉनांचे वळणे आहे, चुंबकीय अशुद्धी आहेत, आपोआप येणारे चुंबकत्व आहे. फोंडेकरांनी पहिल्या लेखात २० मायक्रॉनचा नमुना दाखवला होता; त्याचा गुन्हेगार यांपैकी कोण? सिद्धांत इतके, आणि मोजमाप एकच, अशी स्थिती असेल तर प्रत्येक सिद्धांत खराच ठरणार.

फोंडेकर

मोजमाप एकच नाही, तापमानाची साथ घेतली की सिद्धांतांना एकमेकांपासून वेगळे करता येते. आंतरक्रिया मध्यम असेल आणि अशुद्धी बिनचुंबकीय असतील, तर श्मिट, रॅचेल, फॉन ओपेन आणि ग्लाझमन यांच्या २०१२ मधल्या निष्कर्षानुसार संवाहकतेतली तूट तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते. तापमान निम्मे केले की तूट सोळाव्या हिश्श्यावर यायला हवी. प्रत्यक्षात लांब नमुन्यांत तापमान बदलले तरी रोध फारसा हलत नाही. म्हणून माझ्या मते शुद्ध दोन-इलेक्ट्रॉनी वळणे हा मर्क्युरी टेल्युराइडमधला मुख्य गुन्हेगार नव्हे. व्हॅरीनेन, गोल्डस्टाइन आणि ग्लाझमन यांनी २०१३ साली जे सुचवले ते मला अधिक पटते: मिश्रणातल्या अनियमिततेमुळे थरात इलेक्ट्रॉनांची छोटी डबकी साचतात, कडेवरचा इलेक्ट्रॉन डबक्यात शिरतो, तेथे इतरांशी बराच वेळ आंतरक्रिया करतो आणि बाहेर पडताना आपली दिशा विसरलेला असतो. ज्या डबक्यात इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल ते एका चुंबकीय अशुद्धीसारखेच वागते! म्हणजे बाहेरून एकही चुंबकीय अणू न घालता आंतरक्रियेनेच स्थानिक स्पिन तयार केला. यातून येणारे तापमानाचे अवलंबन बरेच सौम्य असते.

कडेवरचे विभव तीव्र उताराचे नसून हळूहळू उतरणारे असेल तर आणखी एक मार्ग आहे. प्रतिकर्षणामुळे कडेजवळच्या वाटांची मांडणीच बदलते आणि त्या नव्या मांडणीत कालव्युत्क्रम सममिती आपोआप मोडू शकते, असे वांग, मेइर आणि गेफेन यांनी २०१७ साली दाखवले. आपल्या वर्गात आपण कड नेहमी पट्टीने ओढलेल्या रेषेसारखी काढतो. खरी कड कोरून काढलेली असते आणि तिच्यावर तुटलेले बंध, ऑक्साइड, काय काय असते; तेथे चुंबकत्व नसते तरच नवल.

म्हापसेकर

एक मधला प्रश्न. कडेवर चुंबकत्व आधी येते की आतल्या भागात? आमच्याकडे ग्राफीनच्या पट्टीची चित्रे दाखवतात तेव्हा कडांवरच बाण काढलेले असतात.

ताळगाव पठार

ती चित्रे नागमोडी कडेच्या पट्टीची असतात. तेथे कडेवरच्या अवस्थांची ऊर्जा जवळपास सपाट असते, म्हणून थोड्या प्रतिकर्षणानेही स्पिन रांगेत येतात. १९९६ साली फुजिता आणि सहकाऱ्यांनी हे मांडले. स्पिन-कक्षा युग्मन वाढवले की ती सपाट अवस्था कलते, इलेक्ट्रॉनांना वेग येतो आणि चुंबकत्व मागे हटते. केन-मेले प्रतिमानात हबर्ड यांचे, म्हणजे एकाच अणूवर आलेल्या दोन इलेक्ट्रॉनांमधले, प्रतिकर्षण मिळवून रॅचेल आणि ल ह्यूर यांनी २०१० साली, तर होहेनाडलर, लांग आणि असाद यांनी २०११ साली मोठ्या गणकीय हिशेबाने जे पाहिले त्याचा गोषवारा असा: प्रतिकर्षण फार वाढले की आतला भागही प्रतिलोहचुंबक होतो, त्याचे स्पिन थराच्या प्रतलात आडवे पडतात, आणि टोपोलॉजिकल अवस्थाच संपते. त्याच्या बऱ्याच आधी, आतला भाग निरोधक आणि बिनचुंबकीय असतानाच, कडेवर आडव्या स्पिनांचे परस्परसंबंध दूरवर पसरू लागतात. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर 'कडेवर आधी', पण तो कायम झालेला क्रम नसून अंतरानुसार सावकाश विरत जाणारा संबंध असतो.

साखळीकर

म्हणजे चुंबकत्व हा या विषयातला निव्वळ उपद्रव, असे समजावे का?

ताळगाव पठार

नाही, आणि या क्षेत्रातले सर्वांत मजबूत निकाल चुंबकत्व मुद्दाम घालूनच आले आहेत. बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या पातळ थरात क्रोमियम मिसळून थर लोहचुंबक केला, की दोन वाटांपैकी एक नाहीशी होते आणि एकाच दिशेची वाट उरते. मागे वळायला दुसरी वाटच नसल्याने येथे कालव्युत्क्रम सममितीची अट लागत नाही, आणि वरचे सगळे वाद निकालात निघतात. २०१३ साली बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातील शुए चिकुन यांच्या गटाने ३० मिलिकेल्विनला, बाहेरचे क्षेत्र शून्य असताना, हॉल रोध २५,८१२.८ ओहमवर आणून दाखवला. २०२० साली मँगॅनीज बिस्मथ टेल्युराइडच्या पाच थरांच्या तुकड्यात तो १.४ केल्विनला मिळाला. मँगॅनीज तेथे भेसळ नसून स्फटिकाच्या रचनेतच नेमाने बसलेले असते, म्हणून चुंबकत्व जागोजाग कमी-जास्त होत नाही.

तरीही तापमानाची खरी झेप चुंबकत्व नसलेल्या बाजूने घेतली आहे. टंगस्टन डायटेल्युराइडच्या एका थरात २०१८ साली कडेची पुंजित संवाहकता १०० केल्विनपर्यंत टिकली, मात्र वाटेची लांबी १०० नॅनोमीटरच्या आसपास होती. लांबीचा तोच जुना प्रश्न तेथेही आहे.

काणकोणकर

आणि आंतरक्रिया? तिचा असा उपयोग झाल्याचे एखादे उदाहरण आहे का, की ती फक्त नुकसानच करते?

ताळगाव पठार

आहे. मॉलिब्डेनम डायटेल्युराइडचे दोन थर किंचित पिळून एकमेकांवर ठेवले, की इलेक्ट्रॉनांचे पट्ट इतके सपाट होतात की प्रतिकर्षणच सर्व काही ठरवू लागते. तेथे २०२३ साली बाहेरच्या क्षेत्राशिवाय अपूर्णांकी हॉल अवस्था (हॉल संवाहकता ई²/एच च्या अपूर्णांक पटीत असलेल्या) सापडल्या, आणि त्यांत लोहचुंबकत्व आंतरक्रियेतूनच येते. २०२४ साली कॉर्नेल विद्यापीठातील माक आणि शान यांच्या गटाने सुमारे २.१ अंशांच्या पिळावर असे नोंदवले की पिळामुळे उमटणाऱ्या नक्षीच्या एकेका पेशीमागे दोन, चार आणि सहा छिद्रे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) भरली असताना प्रत्येक कडेची संवाहकता ई²/एच च्या अनुक्रमे एक, दोन आणि तीन पट येते, तर तीन छिद्रे असताना ती दीड पट येते, आणि तेथे शून्य क्षेत्रात हॉल रोध दिसत नाही. दीड पट ही किंमत एकट्या इलेक्ट्रॉनच्या कोणत्याही हिशेबातून निघत नाही. विषम भरणीला प्रतिकर्षणाने स्पिन एका बाजूला झुकवून हॉल रोध दाखवायला हवा होता, तो न दिसता अर्ध्या वाटेची जोडी दिसते, म्हणून या अवस्थेत कालव्युत्क्रम सममिती शाबूत आहे की झाकल्या रूपात मोडलेली आहे, यावरच त्या निकालानंतर सिद्धांतकारांची मुख्य झटापट झाली. फोंडेकर सरांनी वर दिलेल्या मर्यादा एकाच जोडवाटेच्या कडेसाठी काढलेल्या आहेत. या दीडपटीच्या कडेला त्या जशाच्या तशा लावता येणार नाहीत.

फोंडेकर

सहमत. ई/२ प्रभाराच्या सीमांचा हिशेब या कडेसाठी नव्याने करावा लागेल. ताळगावकर, तो आपण वेगळ्या धाग्यावर मांडलात तर पदव्युत्तर वर्गाला त्याचा उपयोग होईल; सूत्रे चित्रांसह दिलीत तर अधिक बरे.

म्हापसेकर

आणि सहा संपर्कांचा हिशेब मी बारावीच्या मुलांना रोधकांची षट्कोनी साखळी जोडून प्रात्यक्षिकात करायला देणार आहे. पेटीतले बारा किलोओहमचे रेझिस्टर चालतील. प्रमाणे तीच येतील, फक्त दूरच्या जोडीवरचे व्होल्टेज त्यांनी आधी कागदावर काढून मग मापकाने ताडून पाहावे.